शेराचा चीक

नवऱ्याच्या चुलत्याला मी तोंडावर मामंजी म्हणायची. मनात कधीच नाही. मंगळवेढ्याकडं आमची दोघांची शेतं लागून होती आणि मधल्या बांधावर शेराचं कुंपण होतं. शेराची फांदी मोडली की दुधासारखा चीक वाहतो. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. या माणसानं तोच चीक लावून हातावरची चामखीळ जाळून काढली होती. म्हणजे तो चीक काय करतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

एका सुगीत, माझा नवरा सोलापूरला गिरणीत कामाला गेलाय असं बघून, त्यानं कुऱ्हाड आणली. कुंपण तोडायचं आणि फांद्या आमच्या रानात हातभर आत रोवायच्या, असा त्याचा बेत. शेर कुठंही रोवला तरी जगतो. मी ज्वारी काढत होते. विळा टाकून बांधावर गेले.

“मामंजी, बांध सरकवू नका.”

“बायामान्सानं मधी पडायचं न्हाय!” म्हणत त्यानं रागानं घाव घातला. चीक उसळून थेट त्याच्या डोळ्यांत गेला. कुऱ्हाड टाकून तो खाली बसला आणि बोंबलायला लागला. डोळे चोळत होता, त्यानं आग आणखीच वाढत होती.

मी पाण्याची घागर आणली.

“तुज्या हातचं पानी नगं मला! सर तिकडं!”

ज्याच्यापुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याचे केस मी मुठीत धरले, मान मागं ओढली आणि घागर डोळ्यांवर रिकामी केली. तो शिव्या देत होता. त्याची बायको धावत आली आणि मला बघताच किंचाळली, “हिनंच टाकला की चीक!”

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी घातलं म्हणून एक डोळा वाचला. दुसऱ्यात फूल पडलं. हे माझ्या नवऱ्यानं तिथं उभं राहून ऐकलं, चुलत्यानंही ऐकलं. तरी गावात आल्यावर तो पारावर सांगत सुटला, की मीच फांदी मोडून त्याच्या तोंडावर फेकली. बायका मला बघून लेकरं आत घेऊ लागल्या.

“कशाला धुतलंस त्याचं डोळं?” नवऱ्यानं विचारलं.

“त्याचं वरडणं ऐकवंना मला,” मी म्हणाले. खरंच तेवढंच होतं. दयाबिया काही नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात चुलत्यानं त्याला हव्या त्या जागी शेर लावलाच. तो मेला तेव्हा घरची सगळी माणसं गेली. मी रानात खुरपत बसले.