खालची ओळ कोरी

शाळेच्या पायऱ्या चढलं की समोरच एक काळा फळा दिसतो. गेली सव्वीस वर्षं त्यावर रोज सकाळी शहाणपणाची एक जुनी म्हण उमटते, आणि ती लिहितात शाळेच्या शिपाई मावशी. शिक्षण चौथी. अक्षर मात्र असं, की चित्रकलेच्या सरांनीही दोन मिनिटं थांबून बघावं. मावशींना त्याचा अभिमान आहे, आणि तो लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

म्हणीखालची ओळ मात्र कोरी. अर्थ लिहायचा नाही, हा त्यांचा हट्ट. पोरं विचारायला आली की म्हणायच्या, "घरी विचार. सापडला तर मला येऊन सांग."

नव्या मोठ्या बाईंना हे पसंत नव्हतं. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लागे. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी एक पुस्तिका पुढे केली. "मावशी, उद्या साहेब येणार. यातनं अर्थ उतरवा. जमत नसेल तर छापील पाट्या मागवते, मग फळ्याचं काम तुमच्याकडे नको."

"म्हण लिहीन बाई. अर्थ नाही."

"अहो, पण का?"

ते सांगायला मावशींची जीभ रेटेना.

बावीस वर्षांपूर्वी त्या अर्थही लिहीत. एकदा गप्प राहण्याची थोरवी सांगणारी म्हण होती, आणि खाली त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'शहाणी मुलं तक्रार करत नाहीत.' तिसरीतली एक मुलगी त्यानंतर आठ दिवस कान दाबून वर्गात बसली. नवव्या दिवशी कानातून पू आला, तेव्हा मावशी तिला कडेवर घेऊन दवाखान्यात पळाल्या.

"आधी का नाही सांगितलंस गं?"

"तुम्हीच लिहिलंय ना," मुलगी म्हणाली.

त्या कानानं तिला पुढे ऐकू आलं नाही. वर्ष संपताना तिच्या घरचे दुसरीकडे राहायला गेले. मावशींच्या काळजाला लागलेलं मात्र कुठेच गेलं नाही.

तपासणीच्या दिवशी त्या लवकर आल्या. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तीच म्हण लिहिली. फळा हातातून जाणारच असेल, तर जाण्याआधी ही एकदा नीट लिहावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. खालची ओळ कोरी ठेवली.

साहेब फळ्यापाशीच थांबले. "अर्थ राहिला वाटतं?"

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. साहेबांनी रांगेतल्या मुलांनाच विचारलं.

"आधी विचार करायचा, मग बोलायचं," एकजण म्हणाला.

"दादा चिडला की मी गप्प बसते," एक मुलगी म्हणाली. "मग त्याचं त्यालाच हसू येतं."

मग याच वर्षी शाळेत आलेली दुसरीतली एक बारकी पोर रांगेतून पुढे आली. "दुखत असेल तर ही म्हण पाळायची नाही. मोठ्यानं सांगायचं."

"हे कुणी शिकवलं?"

"आईनं. तिला एका कानानं ऐकू येत नाही. ती याच शाळेत होती. मावशींनी तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. मावशी रडत होत्या, म्हणाल्या, माझं लिहिणं चुकलं गं."

मावशींनी जवळचा कठडा धरला. साहेबांनी खडू उचलला. "खाली हाच अर्थ लिहू या."

मावशी पुढे झाल्या. मान ताठ होती. "नको साहेब. तो तिच्या आईनं सोसून मिळवलाय. तिच्याजवळच राहू द्या."

मोठ्या बाईंनी साहेबांच्या हातातला खडू घेतला आणि मावशींच्या हातात ठेवला. छापील पाट्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

शाळा सुटल्यावर त्या पोरीला न्यायला तिची आई फाटकाशी आली. मावशी तिच्या उजव्या बाजूनं गेल्या आणि हळूच हाक मारली. ऐकू येणारा कान कुठला, हे त्यांना विचारावं लागलं नाही.