‘सध्या’ची पाटी

समोरच्या इमारतीत तळमजल्याच्या खिडकीला एक दगडी पाटी टांगलेली असते. तिच्यावर ‘सध्या’ एवढा शब्द ऑइलपेंटने पक्का रंगवलेला आहे आणि पुढचं सगळं खडूने. गेल्या महिन्यात तिथे साड्यांचं फॉल-बिडिंग होतं, आज दूध आणताना भाजणी दिसली.

“फॉल-बिडिंग बंद केलंत?” मी खिडकीतल्या बाईंना विचारलं.

“डोळे दुखतात हो ताई. भाजणी जमते का बघते. नाही जमली तर पुसायला कितीसा वेळ लागतो?”

मला मात्र ‘सध्या’ हा शब्द वर्षभर टोचतो आहे. ऑफिस बंद पडल्यापासून मी पिशव्या शिवल्या, शिकवण्या घेतल्या, आता इडलीचं पीठ विकते. लग्नकार्यात कोणी “सध्या काय?” विचारलं की मी विषय बदलते. खरं तर बावीस वर्षं टेबलाशी बसले तेही सध्याच होतं, फक्त तसं कोणी रंगवून लावलं नव्हतं.

भावोजींनी एक नोकरी बघून ठेवली होती आणि आज कळवायचं होतं. घरी येऊन मी फोनवर नाही म्हटलं.

“या वयात कसले प्रयोग करतेस?”

“वय झालं म्हणूनच घाई आहे, भावोजी.”

“बरं, रविवारी दोन किलो पीठ पाठव. मागच्यासारखं आंबट नको.”

मागचं पीठ आंबट होतं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला, डबा उघडला आणि आजचं पीठ बोटावर घेऊन चाखलं.