सबब नाही, साहेब

सार्जंट ओपल रिडनौरने अमेरिकी फौजेच्या कोठारावर वीसेक वर्षं राज्य केलं. पहिल्या मागणीला तिने कधी कुणाला बूट दिले नाहीत; खरी गरज असलेला माणूस दुसऱ्यांदा येतोच, असा तिचा सिद्धांत होता. निवृत्तीनंतर ओक्लाहोमातल्या तिच्या गावात माजी सैनिकांसाठी निराळं न्यायालय निघालं. युद्धावरून डोकं पोळून आलेल्याला तुरुंगाऐवजी उपचार द्यायचे, सोबतीला एक जुना सैनिक पाठराखा द्यायचा, अशी तिथली रीत. पेन्शनीत दुसऱ्यांवर ओरडायची सोय होते म्हटल्यावर ओपल लगेच पाठराखीण झाली.

तिच्या वाट्याला वेंडल किबी आला. अफगाणिस्तानातून परतल्यावर दारूच्या नशेत त्याने तिघांना बदडलं होतं. अट एकच, दारूची चाचणी चुकवायची नाही. चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन; त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने नेमकी तीच चुकवली. पटेल असं कारण दिलं नाही, तर दोन वर्षं तुरुंग.

"का आला नाहीस?" जज टेटनी विचारलं.

"सबब नाही, साहेब!"

"अरे बाबा, असेल तर सांग की!" त्याचा वकील कळवळला.

"सबब नाही, साहेब!"

फौजेत वरिष्ठाने जाब विचारला की एवढंच उत्तर चालतं. ते अंगी मुरवायला सरकारने बराच खर्च केला होता. सकाळी ओपललाही त्याने तेच ऐकवलं होतं.

ती उठली. "साहेब, एक मिनिट."

"रिडनौरबाई, मागच्या वेळी तुमचं एक मिनिट जेवणाची सुट्टी खाऊन गेलं."

"सुट्टी पचली ना? किबी, सावधान!"

वेंडल ताठ झाला. दारातला शिपाईही झाला. जजसाहेबांनी कुणाला कळू नये अशा बेताने पाठ सरळ केली. पोक काढून बसला तो फक्त वकील.

"चार जुलैच्या रात्रीचा अहवाल. शत्रू?"

"शेजारची पोरं, सार्जंट. फटाके. आमच्या कुंपणापर्यंत."

"तुझं ठिकाण?"

"न्हाणीघर. टबात."

"सोबत?"

"कुत्रा. त्याचं मनोबल खचलेलं."

"रसद?"

"नळाचं पाणी. व्हिस्की स्वयंपाकघरात होती, पण वाटेत मोठी खिडकी लागते. आडोसा नाही."

वकिलाने डोळे मिटले.

"फटाके पहाटे थांबले," ओपल म्हणाली. "चाचणी दुपारी होती. मग?"

वेंडल समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. "माघारीचा हुकूम आला नव्हता, सार्जंट."

कुणी हसलं नाही. ओपलचा आवाज, बहुधा आयुष्यात प्रथमच, खाली आला.

"आता मी देते. माघार, किबी."

त्याचे खांदे उतरले. वकिलाने घाईने खुर्ची सरकवली म्हणून बरं, नाहीतर तो जमिनीवरच बसला असता.

जजसाहेबांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "तुरुंग नाही. चाचणी आत्ता होईल. उपचार चालू. आणि ती बाटली संध्याकाळपर्यंत रिडनौरबाईंच्या ताब्यात."

"घेते," ओपल म्हणाली. "पण कोठारात माल घेताना आधी तपासते. बाटली कितपत भरलेली आहे, ते—"

"सीलबंद आहे, सार्जंट," वेंडल म्हणाला.

हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.