नाजूकरावांचा हात

तिला सगळे पॉलिशवाली म्हणायचे. हे नाव नवऱ्यामुळे मिळालं, आणि नवरा सुटल्यावर तेवढंच तिच्याकडे राहिलं.

नवरा कवळ्या करायचा. दाताचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे. त्यावरून हा मेणात एकेक दात रोवायचा, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी बसायची, आणि शेवटी ही बाई मोटारीवर फिरणाऱ्या कापडी गोंड्याला ती कवळी लावून चकचकीत करायची. चौदा वर्षं. बोटांची सालं गेली, नाकात प्लास्टरची धूळ कायमची राहायला आली, आणि डॉक्टर म्हणायचे, "वा, काय हात आहे साहेबांचा!" साहेब मान तुकवून ते कौतुक एकटेच गिळायचे. ढेकरही एकटेच द्यायचे.

साहेबांना स्वतःच्या हातांचं भारी कौतुक. बादली उचलायची नाही, खिळा ठोकायचा नाही, आईला दवाखान्यात नेताना तिचा हातही धरायचा नाही, बोटं आखडतील म्हणून. "माझा हात म्हणजे वाद्य आहे वाद्य," असं म्हणायचे. तेव्हाच बायकोनं त्यांचं नाव ठेवलं, नाजूकराव. आणि हे वाद्य प्रत्येक कवळीवर सही करायचं. आतल्या बाजूला, शेवटच्या दाढेमागे, तिळाएवढी चंद्रकोर. डॉक्टरांना ती कधी दिसली नाही. पॉलिशवालीला मात्र चौदा वर्षं ती चंद्रकोर वाचवून गोंडा फिरवावा लागला. पुसली गेली की दिवसभर अबोला.

पुढे नाजूकरावांना साचे पोचवणारी एक बाई आवडली. आवडो बापडी. काडीमोड झाला, कोर्टानं दरमहा पोटगी ठरवली. दोन वर्षं ती पडतझडत आली, मग बंद झाली. फोन केला तर उचलायची ती साचेवाली. "साहेबांची तब्येत बरी नाही, त्यांना त्रास देऊ नका." साहेब मागून खोकायचे. खोकलासुद्धा उसना वाटायचा.

पॉलिशवाली आता दुसऱ्या एका कारखान्यात नगावर पॉलिश करायची. पंखे दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती तिची. चार महिन्यांचं भाडं थकलं तेव्हा मालकानं सांगितलं, "बाई, महिनाअखेर. त्यानंतर तुमचं सामान जिन्यात." खोली गेली तर जायचं कुठं, हे भावजयीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. कपडे धुवायचं मशीन आणि मागचं दार यांच्यामध्ये एक गादी मावत होती. तिनं टेपनं मापही घेतलं होतं.

भाऊ म्हणाला, "सोड ना ताई. कोर्टकचेरीनं आपली इज्जत जाते."

"बुडवतो तो, आणि इज्जत जाते आपली? छान वाटणी आहे रे."

पोटगी थांबली तेव्हाच तिनं वसुलीचा अर्ज लावला होता. नाजूकरावांनी उत्तरात प्रतिज्ञापत्र दिलं. हाताला कंप सुटला आहे, कारखाना बंद आहे, भावाच्या तुकड्यावर जगतो आहे. सोबत कुठल्याशा डॉक्टरचा दाखला. आणि मग तारखेला येऊन जे काय हात हलवले! पाण्याचा ग्लास घेतला की अर्धं पाणी शर्टावर. सही करताना पेन तीनदा खाली. डास चावला की मात्र फटकन मारायचे, अचूक, आणि मारल्यावर आठवण यायची की आपल्याला कंप आहे. मग दुप्पट थरथर, व्याजासकट. गावोगाव तंबू ठोकणाऱ्या नाटकवाल्यांनीसुद्धा या माणसाला पडदा ओढायच्या कामावर ठेवलं नसतं.

तिची वकीलबाई तरुण होती, पण डोक्यानं पक्की. ती म्हणाली, "ताई, सोंग आहे हे मला कळतंय, तुम्हाला कळतंय. पण कोर्टाला पुरावा लागतो. हा कुठं काम करतो तेवढं शोधा. जप्तीचं वॉरंट मी मागते."

शोधणार कुठं? जुन्या कारखान्याला कुलूप होतं. डॉक्टर मंडळी हात वर करत होती. तारीख पडत होती, महिना सरत होता.

त्या कोर्टात पुकारा करणारा एक म्हातारा शिपाई होता. तोंडात एकही दात नाही. तो पुकारायचा तेव्हा नुसती हवा बाहेर यायची, आणि बाकावरचे सगळेच पक्षकार दचकून उभे राहायचे. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते त्या तारखेला मात्र त्याचा पुकारा घंटेसारखा खणखणला. पॉलिशवालीनं वर पाहिलं. शिपाई हसला. तोंडभर नवे दात, आणि डावीकडचा पुढून दुसरा दात कणभर आत वळलेला.

एकसारखे सरळ दात खोटे दिसतात म्हणून तो एक दात कणभर वळवायचा, ही नाजूकरावांचीच खोड. जेवणाची सुट्टी झाल्यावर तिनं शिपायाला जिन्यात गाठलं.

"मामा, कवळी नवी दिसते."

"पंधरा दिवस झाले. बोलायला झकास आहे, पण इथं मागं टोचते बघा. रक्त येतं."

"काढा. मी घासून देते."

"अहो, कोर्टात कवळी काढू? काय म्हणतील?"

"इथं लोक लाज काढून ठेवतात मामा, तुम्ही कवळी काढायला लाजता?"

म्हाताऱ्यानं पाठ फिरवून कवळी रुमालात दिली. नळाखाली धरून तिनं ती उलटी केली. दाढेमागे तिळाएवढी चंद्रकोर होती. तिनं पर्समधला पॉलिश पेपर काढला, टोचणारी कड घासली, आणि हात न थांबवता विचारलं, "ही केली कुणी?"

"डॉक्टरांनी दिली. पण पयली बछेना," बिनदातांचा शिपाई म्हणाला, "म्हणून कारखान्यात धाडलं. छापखान्याच्या मागं, वरचा मजला. तिथल्या छायबांनी माझ्या देखत घाछून दिली. काय हात हो त्यांचा!"

"कोर्टाला सांगाल?"

शिपायानं कवळी तोंडात बसवली, दात दोनदा वाजवून पाहिले. टोचत नव्हतं. तरी तो घाबरलाच. "माझे दात मुद्देमाल म्हणून जमा नाही ना करणार? वर्षभर पातळ खाल्लंय मी."

वकीलबाईनं तिथल्या तिथं अर्ज लिहिला. दुपारी शिपाईमामा, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारलेले, स्वतःच पिंजऱ्यात उभे राहिले. कारखाना, मजला, साहेब, सगळं सांगितलं. कवळी एका पांढऱ्या कागदावर न्यायाधीशबाईंच्या टेबलावर ठेवली गेली.

नाजूकराव घामाघूम झाले, पण निर्लज्जपणा सुटला नाही. हात फडफडवत म्हणाले, "मॅडम, या वयात माणसं चेहरे विसरतात. हे काम माझं नाही."

पॉलिशवाली उभी राहिली. वकीलबाईनं पदर ओढला, तरी उभी राहिली. "खरंय मॅडम त्यांचं. हे त्यांचं काम नाहीच. मी उगाच आरोप केला. इतकं भिकार काम ते करत नव्हते. दाढा उंच झाल्यात, पुढचा दात वाकडा बसलाय, पॉलिश तर कच्चंच. कुणीतरी शिकाऊ हात दिसतोय."

नाजूकरावांचे कान आधी लाल झाले.

"वाकडा? शिकाऊ?" त्यांनी कुणाची परवानगी न घेता कवळी उचलली. "अक्कल नाही तर बोलू नये! तो दात मुद्दाम वळवलाय. आणि दाढा उंच? बघा मॅडम, इकडून बघा." बोटांच्या दोन टोकांत कवळी धरून, खिडकीच्या उजेडात तिरकी करून, केसभरही न हलणाऱ्या हातानं ते दाखवत राहिले. "आणि ही चंद्रकोर. अख्ख्या शहरात ही एकाच माणसाची सही आहे."

न्यायाधीशबाई कवळीकडे पाहतच नव्हत्या. त्या हाताकडे पाहत होत्या. मग सगळेच पाहू लागले. शेवटी नाजूकरावांनीही पाहिलं. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, तो हात थरथरायला लागला. या वेळी खरा.

जप्तीचं वॉरंट त्याच दिवशी निघालं. बेलीफ दुसऱ्या सकाळी छापखान्यामागच्या मजल्यावर गेला, ओळख पटवायला पॉलिशवाली बरोबर. आत तीच जुनी मोटार, त्याच जुन्या भट्ट्या, पाटीवर नाव साचेवालीच्या भावाचं. बेलीफ यादी करायला लागला, "मोटार एक," आणि मोटारीची वायर काढली, तसे नाजूकराव प्लास्टरच्या डब्याकडे धावले. डब्यात पांढऱ्या धुळीखाली प्लास्टिकच्या पिशवीत नोटा होत्या. थकलेली सगळी पोटगी निघाली, वर थोडं उरलंसुद्धा. चौदा वर्षं त्या डब्यात नुसतं प्लास्टर असतं असं तिला वाटत होतं.

बेलीफ पावती लिहीत असताना नाजूकराव तिच्याजवळ आले. शरम वाटेल, माफी मागतील, निदान शिवी तरी देतील, असं कुणालाही वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "आज तीन कवळ्या द्यायच्यात. आमच्या हिनं पॉलिशला एक पोरगी ठेवलीय, तिला जमत नाही. तू आलीच आहेस तर..."

तिनं टेबलावरची एक कवळी उचलली, अंगठा फिरवला. खरखरीत होती.

"कोर्टात मी बाकी खोटं बोलले," ती म्हणाली, "पण पॉलिशचं खरं होतं."

कवळी जागेवर ठेवून ती जिना उतरली. पैसे कोर्टातून महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी हातात पडले. मालकानं मोजून घेतले. भावजयीला तिनं फोनवर कळवलं, गादी गुंडाळून ठेव, मशीनला हवा लागू दे.