फडक्याखालची बाटली

एसटीत बसलो की मला हातात वाचायला काहीतरी लागतं. पेपर नसला तर भेळीचा कागद. तोही नसला तर खिडकीवरची सूचना. ही वाचनाची आवड नव्हे, खरं तेच सांगतो. आमच्या घरातला मी पहिला बी.ए. हातात पेपर असला की कंडक्टर "साहेब, जरा सरका" म्हणतो आणि नसला की नुसतं "सरक". हा फरक मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी हेरला होता.

त्यामुळं वडवणी ते औरंगाबाद हा सहा तासांचा प्रवास मी काही न वाचता, न झोपता, एका दुधाच्या बाटलीवर नजर ठेवून केला, हे सांगताना अजूनही जीभ अडखळते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शेतात काही उरलं नव्हतं, जनावरं छावणीतून आणलेल्या वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, जगत होती आणि गावाचा आठवड्याचा बाजार दुधावर चालत होता. गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. दूध मोजायचं, काच बुडवून दाटपणा बघायचा, वहीत लिहायचं, कॅन गाडीवर चढवायचे. आमच्या वस्तीतलं पोरगं त्या खुर्चीत बसलेलं गावातल्या काहींना पहिल्यापासून खुपत होतं. अशात जिल्हा दूध संघाच्या शीतकेंद्रावर आमचं दूध सलग चार दिवस पातळ निघालं. केंद्रानं गावाचं संकलन बंद केलं. दुधात पाणी नाही हे सिद्ध करा, मगच गाडी येईल, असा निरोप आला.

पारावर बैठक बसली. विरोधी गटाचा पुढारी एक सत्तरीचा म्हातारा होता. तीन म्हशी, कडक इस्त्रीचं धोतर आणि भलता बारीक आवाज. मी त्याला काका म्हणायचो. तो मला 'ग्रॅज्वेट' म्हणायचा, आणि त्या शब्दात कौतुक औषधालासुद्धा नसायचं.

"गावाचं दूध दाटच हाय," काका म्हणाला. "घरून निघतं तवर दाट असतंय. सोसायटीत आलं की पातळ होतंय. मधी कोण हाय ते ज्याचं त्यानं बघावं."

"काका, गावात प्यायला टँकरचं पाणी. चार दिवसांतनं एकदा. दुधात घालायला मी पाणी आणू कुठनं?"

"ते तुलाच ठावं. तू शिकलेला हाईस."

मग असं ठरलं. सगळ्या घरचं दूध सगळ्यांच्या देखत काढायचं, एका कॅनमध्ये ओतायचं, त्यातली एक बाटली भरून लाखेनं सील करायची आणि औरंगाबादच्या प्रयोगशाळेत तपासून आणायची. दूध तिथंही पातळ निघालं तर दोष चाऱ्याचा, मी सुटलो. दाट निघालं तर चोर मी. काकाला मी वाटेत पाणी घालीन अशी भीती. मला तो दुधाची भुकटी नाहीतर साखर घालील अशी. म्हणून दोघांनी जायचं. कुणी झोपायचं नाही, कुणी वाचायचं नाही, बाटली सोडून उतरायचं नाही.

निघताना आईनं बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं. एसटीत बसल्या बसल्या काका म्हणाला, "ते काढ."

"कावून?"

"फडक्याखाली काय चाललंय कुणाला दिसंल? अन् ओलं फडकं म्हंजी पाणी आयतंच बाटलीच्या तोंडाशी."

मला राग आला. म्हटलं, बघ म्हाताऱ्या, माझं सगळं कसं उघड आहे. फडकं काढलं, खिडकीबाहेर पिळलं आणि पिशवीत कोंबलं. बाटली आमच्या दोघांच्या मध्ये उभी केली.

कंडक्टर आला. "ही काय भानगड?"

"दूध," मी म्हणालो.

"अन् दूध सोडून तुमी येकमेकांकडं कावून बघायलाव?"

आम्ही दोघांनी आपापले तिकिटाचे पैसे पुढं केले.

नुसतं बसणं फार अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांना काम नसलं की मन धंदे काढतं. बीडच्या स्टँडवर गाडी बदलली तेव्हा काकानं खिशात हात घातला. मी ताठ झालो. तंबाखूची डबी निघाली. डबीत चुना ठेवायचा छोटा कप्पा होता. पांढरा चुना. भुकटी पण पांढरीच असते. त्याची बोटं परत धोतराला पुसून होईपर्यंत मी पापणी हलवली नाही. पुढं गेवराईच्या अलीकडं मला शिंक आली आणि मी रुमाल काढला, तर त्यानं सरळ माझं मनगट धरलं. "ओला हाय का रुमाल?" रुमाल कोरडा होता. आधी मला दाखवावा लागला, मग शिंकावं लागलं.

त्याच्याजवळ पाण्याची मोठी बाटली होती. वाटेत तो दोनदा प्याला. मला विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही. त्यांच्या विहिरीवर माझ्या आजीला दूर उभं राहावं लागायचं, वरून कुणी ओतील तेव्हा पाणी. हे मी विसरलेलो नव्हतो. तो विसरला असेल असंही मला वाटत नव्हतं.

गोदावरीच्या पुलावर सगळ्या गाडीनं माना वळवल्या. खाली नुसती वाळू होती. आम्ही दोघांनी मात्र मान वळवली नाही. ऊन फिरून आमच्या बाजूला आलं होतं आणि बाटलीची सावली माझ्या मांडीवर पडत होती. ती सावली हळूहळू सरकताना मी बघत होतो, एवढंच माझं मनोरंजन. हे ऊन सरळ बाटलीवर पडतंय, हे मला दिसत होतं, आणि तरी कळत नव्हतं.

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतल्या बाईंनी बाटली उजेडात धरली. आत वर हिरवट पाणी आणि खाली गोळा.

"फाटलंय हे. हे तपासता येत नाही."

"सील बघा ना," मी म्हणालो. "सील शाबूत आहे."

"सीलला मी काय करू? उघड्यावर उन्हात आणलंत ना? ओलं फडकं गुंडाळायचं, एवढं घरातली कुणीही बाई सांगेल."

घरातल्या बाईनं सांगितलंच होतं. ते फडकं माझ्या पिशवीत वाळून कडक झालं होतं.

परतीच्या गाडीत राखायला काही उरलं नव्हतं. तरी मी पेपर घेतला नाही. गावात काय सांगायचं याचाच विचार. आणि शेजारच्या माणसाकडं बघता बघता एक गोष्ट डोक्यात शिरली ती शिरलीच. चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेला माणूस. उन्हात दूध सहा तास टिकत नाही, हे याला ठाऊक नसेल? दुधाचा निकालच लागू नये, म्हणून तर यानं फडकं काढायला लावलं नसेल? पण संकलन बंद म्हणजे त्याच्याही तीन म्हशींचं दूध वाया. मग काय फायदा? उत्तर सापडेना आणि संशय काही उठून जाईना.

गावात कुणी विश्वास ठेवला नाही. "दोघं मिळून आले," लोक म्हणाले. निघताना एकमेकांचे वैरी, येताना एका पापाचे भागीदार. आठ दिवस दूध घरोघर नासलं. काही जणांनी खवा आटवला, पण गावात खवा घ्यायला कोण होतं? वस्तीतली एक म्हातारी मला म्हणाली, "येवढं शिकून आमच्याच तोंडचं काढलंस व्हय रं?" ते अजून टोचतं.

पुन्हा दूध काढलं, पुन्हा सील. या वेळी पहिलीच गाडी धरली. आईनं फडकं गुंडाळलं आणि काकाकडं बघत गाठ मारली.

आता बाटली दिसतच नव्हती. फडक्याकडं बघून काय कळणार? पहिल्या वेळी निदान नजरेला काम होतं, या वेळी तेही नव्हतं. बसलो नुसते. बीड गेलं. गेवराई आलं तोवर फडकं कोरडं पडायला लागलं होतं. माझ्याजवळचं पाणी आईनं निघताना फडक्यावरच ओतलं होतं. काकानं आपली बाटली काढली.

"बघ," तो म्हणाला. "नीट बघ. उद्या म्हणशील दुधात पाणी घातलं म्हाताऱ्यानं."

"बघायलोच."

थेंब थेंब करत त्यानं फडकं भिजवलं. पिण्याचं पाणी, चार दिवसांच्या टँकरचं. मी वाकून बघत होतो, एकही थेंब झाकणाच्या कडेला जाऊ नये म्हणून. तळाशी घोटभर उरलं. ती बाटली त्यानं माझ्यापुढं धरली.

मी आधी वास घेतला. मग वरून न ओतता, मुद्दाम, तोंड लावून प्यालो. त्यानं बाटली परत घेतली, झाकण लावलं आणि पिशवीत टाकली. पुढं तीन तास तो काही प्याला नाही. पाणी संपलं होतं म्हणून, का मी तोंड लावलं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं असंही नाही.

निकाल त्याच दिवशी मिळाला. दूध पातळ, वरून पाणी घातल्याची खूण नाही, जनावरांच्या पोटात नुसतं उसाचं वाढं जातं त्याचा परिणाम. कागदावर शिक्का होता. मी तो तीनदा वाचला आणि मग काकाला मोठ्यानं वाचून दाखवला, हळूहळू, एकेक शब्द.

"कळलं," तो म्हणाला. "भैरा न्हाई मी."

परतताना मी स्टँडवर पेपर घेतला आणि ऐटीत उघडला. काका रिकाम्या हातांनी समोर बघत बसला, जसा गेला होता तसाच. नदी ओलांडली तेव्हा तो म्हणाला, "ग्रॅज्वेट, येक विचारू?"

"विचारा."

"त्या दिशी मी फडकं काढ म्हणालो. मी आडाणी, मी संशयी, मी तुझा वैरी. समदं खरं. पण तू कावून काढलंस?"

तिसऱ्या दिवशी गाडी गावात आली आणि कॅन पुन्हा भरले. त्याच्या म्हशींचं दूध मी स्वतः मोजलं, तो काचेवर डोळा ठेवून शेजारी उभा. पण त्या दिवशी एसटीत त्याच्या प्रश्नानंतर मी पेपरचं पान उलटलं, आणि तो बघतोय का ते कडेनं बघत राहिलो. तो बघत होता.