पहिली ओळ आणि आईची चूल

चहा निवेपर्यंत सांगून होईल, पण एक अट आहे. मधे कोणी हसायचं नाही. हसायची जागा शेवटी आहे, आणि ती माझ्यावरच आहे.

मी तेव्हा नागपूरहून बी.ए. होऊन पांढुर्ण्याला परतलो होतो. देश स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली, तरी सगळं अजून सुधारलं कसं नाही, हा माझा रोजचा सवाल. त्यातच राज्यांची नवी आखणी झाली. काल आमची राजधानी नागपूर, आज भोपाळ. लोकांना दुःख कशाचं? तर नागपुरात जमवलेले वशिले एका दिवसात वाया गेले याचं. कापसाच्या बाजारात एकच विचारणा: भोपाळात आपलं कोण आहे?

मला याची चीड होती. मी ठरवून टाकलं, मी हात घालीन त्या कामात वशिला पाऊल ठेवणार नाही.

आणि काम आलं ते थेट समुद्राचं.

एका परदेशी संस्थेनं आपल्याकडच्या तरुणांना जहाजावरच्या कामाचं शिक्षण द्यायची योजना काढली होती. तिची कचेरी मुंबईत. मी आमच्या युवक मंडळाचा चिटणीस; मी अर्ज ठोकून दिला. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर, पण स्वतंत्र देशात समुद्र काय फक्त किनाऱ्यावरच्यांचा असतो? मुंबईहून उत्तर आलं: आधी जहाजाची माहिती असलेला एक सल्लागार निवडा, मग तुमच्या गावी शिक्षणाचं केंद्र मंजूर करू.

ही सगळी धडपड खरं तर वसंतासाठी होती. वसंता नदीपलीकडच्या सावरगावचा, संत्र्याच्या बागवाल्याचा मुलगा, मॅट्रिक झालेला. जाम नदीपेक्षा मोठं पाणी त्यानं पाहिलं नव्हतं, पण जहाजाशिवाय दुसरं बोलत नसे. योजनेत वयाची अट होती आणि त्याचं हे शेवटचं वर्ष होतं.

"मधुभाऊ, या साली नाही झालं तं मी जन्मभर पेट्याच बांधत राहीन," तो म्हणायचा.

"होणार. आणि सरळ मार्गानं होणार," मी म्हणायचो.

सल्लागाराच्या जागेसाठी तीन अर्ज आले. त्यांच्यासोबत, त्यांच्यामागून आणि काही तर त्यांच्याही आधी शिफारशीच्या चिठ्ठ्या आल्या. मी मंडळाच्या दारावर पाटी लावली: 'शिफारसपत्रे न वाचता चुलीत घातली जातील.' आणि खरंच घालू लागलो, आमच्याच घरच्या चुलीत.

मंडळाचे अध्यक्ष डोमाजी काका, कापसाचे अडते. ते म्हणाले, "अरे, वाचून तं पाह. वाचल्यानं काय डाग लागते का?"

"लागतो, काका."

"भल्ला शिकला बाप्पा तू."

पाकिटात अर्ज आहे की शिफारस, हे कळायला पहिली ओळ पुरे. एके दिवशी मुंबईचं जाड पाकीट आलं. पहिली ओळ इंग्रजीत: श्री. देसाई यांचा परिचय करून देताना आनंद होत आहे. मी पुढे वाचलंच नाही. म्हटलं, बघा, वशिला मुंबईपर्यंत पोचला. कागदाच्या माथ्यावर कचेरीचं नाव छापलेलं होतं का? असेलही. मी माथा बघत नव्हतो, मी तत्त्व बघत होतो.

आई म्हणाली, "हा कागद चांगला जळून राहिला रे. असेच येऊ दे."

निवडीचा दिवस उजाडला. शाळेच्या व्हरांड्यात तीन उमेदवार बसले. पहिले नर्मदेच्या घाटावर नावेचा ठेका चालवलेले. दुसरे गुलाबराव, लढाईच्या काळात चार वर्षं जहाजावर स्वयंपाकी. तिसरे सौंसरच्या तहसील कचेरीतल्या बाबूंचे मेहुणे. ते एकदा रामेश्वरला जाताना होडीत बसले होते.

प्रश्नपत्रिका वाटत होतो तेवढ्यात एक चौथे गृहस्थ आले. पांढरी पँट, हातात छोटी बॅग, स्टेशनवरून चालत आल्याचा घाम.

"मी देसाई. माझ्याबद्दल पत्र आलं असेल."

"आलं होतं. जाळलं."

त्यांनी घाम पुसणं थांबवलं. "वाचून?"

"पहिली ओळ वाचून."

"मग आता मी काय करायचं?"

"सगळ्यांसारखी परीक्षा द्यायची. इथे ओळख चालत नाही."

ते शांतपणे सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "शाई मिळेल का?"

काका माझ्या कानाशी आले. "मधू, हा माणूस काही वेगळा दिसून राहिला."

"काका, वेगळा दिसतो म्हणून मार्क द्यायचे का?"

पहिला प्रश्न होता: जहाज वादळात सापडल्यास प्रथम कर्तव्य कोणते? माझं उत्तर ठरलेलं होतं: धैर्य न सोडणे. देसायांनी लिहिलं: 'माल भरायच्या तोंडांवरची झाकणं घट्ट लागली आहेत का ते पाहणे.' मी दहापैकी एक दिला. ध्येयवाद कुठेच नाही. गुलाबरावांनी लिहिलं: 'चुलीवरची भांडी उतरवणे.' त्यांना दोन. मेहुण्यांनी देशभक्तीवर तीन पानं लिहिली होती. त्यांना नऊ.

मग दोराची गाठ मारायची परीक्षा, पण बिनमार्कांची. मेहुण्यांची गाठ सुटेना, म्हणून बघायला आलेल्या वसंतानं ती सोडवली आणि सहज नीट बांधून दाखवली.

देसायांनी विचारलं, "हे कुठे शिकलास?"

"संत्र्याच्या पेट्या बांधतो ना जी. गाठ ढिली राहिली तं गाडीत चढेपर्यंत माल खाली."

मी निकाल वाचला. सल्लागार: मेहुणे. चौथा आणि शेवटचा क्रमांक: श्री. देसाई, नापास. वशिल्याचा पराभव झाला होता. खरं म्हणजे चुलीत गेलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या मेहुण्यांच्याच होत्या, हे मला पुढे कळलं.

देसाई उभे राहिले. "निकाल मान्य. आता मी माझं काम करू?"

त्यांनी बॅगेतून कागद काढला. मुंबईच्या कचेरीनं त्यांना पाठवलं होतं, सल्लागाराच्या निवडीत आम्हाला मदत करायला. बावीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. काका हळूच पायरीवर बसले.

"गुलाबरावांना घ्या," देसाई म्हणाले. "वादळात भांडी उतरवायची हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. केंद्राचं मी बघतो. पण यंदाच्या तुकडीत एक मुलगा लगेच घेता येतो, आणि त्याचा कागद मला आजच न्यायचाय. तो तयार ठेवा, असं पत्रात लिहिलं होतं."

"कसला कागद?"

"चिटणिसाच्या सहीचं शिफारसपत्र."

वसंता माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता, रागावलाही नव्हता, नुसता बघत होता.

"माझी गाडी तासाभरात आहे," देसाई म्हणाले आणि निघाले.

तुम्ही काय केलं असतं? मी धावलो. घरी जाऊन कागद ओढला आणि आयुष्यातलं पहिलं शिफारसपत्र लिहिलं. पेट्यांच्या गाठी लिहिल्या, पुरात जाम नदी पोहून शाळेत यायचा ते लिहिलं. आई दारात येऊन म्हणाली, "हे पण चुलीतच घालू का रे?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. वसंताला घेऊन स्टेशन गाठलं तेव्हा पॅसेंजर उभीच होती आणि देसाई खिडकीशी बसले होते.

मी हात जोडले. होय, मीच. "साहेब, या आमच्या वसंताचं जरा बघा ना."

"शिफारस आहे?"

"...हो."

त्यांनी पत्र घेतलं आणि मान बाहेर काढून पुढे इंजिनाकडे पाहिलं. तिथे फायरमन भट्टीचं दार उघडून कोळसा टाकत होता. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पहिली ओळ वाचू, की सगळं?"

"सगळं वाचा, साहेब," मी म्हणालो. "माथ्यासकट."

त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि गाडी सुटली.

वसंता त्याच साली गेला. दीड वर्षानं त्याचं जहाजावरून पत्र आलं. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. लिहिलं होतं: 'मधुभाऊ, मी मजेत हाय. मले बॉयलरवर काम देलं. दिवसभर कोळसा टाकून राहिलो. भट्टीचं दार उघडलं की दरवेळी तुमची आठवण येते.'