काझीबाईंचं उरलेलं वाक्य

तुम्ही कधी कोणाचं वाक्य मध्येच तोडून छापलं आहे का? मी छापलं आहे. ते काझीबाईंचं होतं. त्या आता नाहीत, म्हणून ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पनवेलच्या मोहल्ल्यात भर दुपारी ओट्यावर कोणी बाई उघडी छत्री धरून, तिच्यावर काळी चादर टाकून, आत डोकं खुपसून बसलेली दिसली, की समजायचं काझीबाई. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. हातात भावाच्या दुकानातला, नोटा तपासायचा जांभळा दिवा. जाणाऱ्यायेणाऱ्याला त्या छत्रीतूनच हाक मारायच्या, "ये, आत ये. आधी अंधार कर, मग बोल."

मी कामोठ्याहून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही छत्रीत घेतलं. काचेच्या बाटलीत एक दगड होता. उजेडात तो लिंबाच्या सालीसारखा पिवळट, अभ्रकासारखे पापुद्रे सुटलेला. बाईंनी दिवा लावला आणि तो असा हिरवा पेटला की मी अंग मागे घेतलं.

"ऑट्युनाइट," बाई म्हणाल्या. "युरेनियमचं खनिज. घाबरलीस? घाबर, पण नीट घाबर. बाटली उघडायची नाही, भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही, हात धुवायचे. बस्स. त्याहून जास्त घाबरलीस तर तो दगडावर अन्याय."

त्यांना तो त्यांच्या गुरूंनी दिला होता. त्याच्या पापुद्र्यांत पाणी असतं, म्हणाल्या. हवा कोरडी लागली की ते उडून जातं, दगड भुसभुशीत होतो आणि पुन्हा पाणी घातलं तरी पहिल्यासारखा होत नाही. म्हणून बाटलीच्या तोंडाला मेण लावलेलं. युरेनियम असलेला ग्रॅनाइट पावसापाण्याने कुजतो, तिथल्या भेगांत हा बसतो.

"आपल्या खाणींत मिळेल?"

"आपला काळा बसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक मिळतात, हा नाही. दगडालाही गाव असतं, बेटा."

त्या वर्षी मी बाईंकडे दगड बघायला नाही, एका गावासाठी मदत मागायला गेले होते. पळस्प्याच्या पुढे एका गावाला खेटून खडीचा क्रशर चालू होता. भाताच्या खाचरांवर, शाळेच्या बाकांवर, ताटातल्या भाकरीवर राखाडी थर बसायचा. क्रशरवर पाणी मारा, त्याला पत्र्याने झाका, नाहीतर हलवा, एवढीच गावाची मागणी. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील गिरणीतल्या संघटनेची पत्रकं वाटत, मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवली. तेव्हा गावाचं पत्रक मीच लिहिणार हे ठरलेलं होतं.

बाईंची रीत वेगळी. त्यांनी गावातल्या जनाकाकूंना एक पांढरी थाळी दिली. सकाळी खिडकीत ठेवायची, संध्याकाळी तीत साचलेली धूळ पुडीत बांधायची. बाई आठवड्याला जाऊन पुड्या तोलत आणि वहीत मांडत.

"बाई, माज्या घरवाल्याचा खोकला तुमच्या वहीत मावतो काय?" जनाकाकू विचारायच्या.

"मावत नाही गं. पण साहेबाला खोकला ऐकू येत नाही, वही दिसते."

"आमी नाय जगलो तरी वही जगल, असाच ना?"

बाई हसायच्या आणि तीच पुडी पुन्हा एकदा तोलायच्या.

मला वही सोसवेना. क्रशरवरची सरकारी जनसुनावणी पंधरा दिवसांवर आली आणि पुड्या तोलून काय पेटणार होतं? एक दिवस क्रशरच्या खाणीतून मी एक दगड उचलून आणला. त्याच्यावर काचेसारखा पातळ थर होता. बाईंच्या छत्रीत तो फिकट हिरवा चमकला. "युरेनियम!" मी ओरडले.

बाईंनी तो उलटसुलट केला. "ही हिरवी चमक युरेनियममुळे असू शकते, पण ते इतकं नाममात्र असतं की त्याने कोणाला काही होत नाही, माणसं मरतायत ती धुळीने." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "चमक ही साक्ष असते, निकाल नसतो. लिहिणार असशील तर सगळं लिही."

मी पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच लिहिलं आणि तिथे पूर्णविराम दिला. पिवळ्या कागदावर, जाड अक्षरांत, खाली बाईंचं नाव. गावात, पळस्प्याच्या नाक्यावर, कामोठ्याच्या क्लासेसबाहेर पत्रक वाटलं. तीन दिवसांत सगळीकडे एकच बोलणं: खाणीत युरेनियम. मला वाटलं, आपण जिंकलो.

सुनावणीत क्रशरवाल्याच्या वकिलाने खाणीतला तसाच एक दगड आणि प्रयोगशाळेचा दाखला टेबलावर ठेवला. धोका नाही. मग त्याने पत्रक फडकवलं. "मॅडम, हे वाक्य तुमचं?"

बाई उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अर्धं माझं आहे."

उरलेलं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि वही पुढे केली. पण सभागृहात तोवर हशा पिकला होता. मागून कोणी ओरडलं, "बाईंच्या छत्रीत आमचा बैल पण हिरवा दिसल!" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, युरेनियम नाही, म्हणजे तक्रारीत तथ्य नाही. वही कोणी उघडली नाही.

बाहेर गाव बाईंवर तुटून पडलं. "बाय फुटली." "क्रशरवाल्यान घेतली इकत." मी तिथेच उभी होते. "वाक्य मी तोडलं," एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले नाही. अन्यायाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी, तीन शब्दांना घाबरले, आणि नीट घाबरले नाही.

रिक्षात बाई एकदाच बोलल्या. "तू खोटं लिहिलं असतंस तर मी खोडलं असतं. तू अर्धं खरं लिहिलंस. ते कसं खोडू?"

त्यानंतर गावाने त्यांना येऊ दिलं नाही. जनाकाकूंनी थाळी परत पाठवली, घासून, लख्ख. पुढच्या दोन वर्षांत जनाकाकूंचे यजमान खोकून खोकून गेले. मग बाई हृदयाच्या दुखण्याने गेल्या. मयतीला आलेली माणसंच मोहल्ल्यात कुजबुजत होती, "घरात तो दगड ठेवायची ना, त्यानेच नेली." अर्ध्या वाक्याने त्यांना मेल्यावरही सोडलं नाही.

बाटली आता माझ्याकडे आहे. मेणाला कधीतरी तडा गेला असावा. पापुद्रे सुटून तळाशी भुकटी जमली आहे. क्रशर चालू आहे. विमानतळाच्या भरावाला खडी लागते म्हणे, आता तो दोन पाळ्यांत चालतो. यातलं काहीही आता माझ्याने परत होणार नाही.

तरी एक मागते. पनवेल, पळस्पे, कामोठे इथे तुमच्या घरात ते पिवळं पत्रक असेल. फडताळात डब्यांखाली अंथरलेलं असेल, जुन्या वहीला कव्हर घातलेलं असेल. ते काढा. बाईंच्या नावाच्या वर जिथे वाक्य संपतं, तिथला पूर्णविराम खोडा आणि पेनाने पुढे लिहा: "पण ते इतकं नाममात्र असतं की त्याने कोणाला काही होत नाही, माणसं मरतायत ती धुळीने."